सही आमची घेता, तर आधी मशीन बघू द्या

प्रति,
थर्मल पॉवर प्लांटमधले सगळे मेंटेनन्स एचओडी, स्टेशन हेड, आणि नवीन पोरापोरींचं पोस्टिंग ज्यांच्या हातात असतं ते एचआरवाले साहेब-मॅडम

सादर नमस्कार.

मी विदर्भातल्या एका कोळशावरच्या प्लांटमध्ये बॉयलर मेंटेनन्सला आहे. मेकॅनिकल. जीईटी (ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी) म्हणून लागलो, कन्फर्म झालो, आता आयकार्डवर असिस्टंट इंजिनिअर लिहिलेलं असतं, बाकी काम तेच. प्लांटचं नाव टाकत नाही आणि तुम्ही ओळखायच्या भानगडीत पडू नका, कारण माझ्या बॅचची पोरं तीन-चार राज्यांत वेगवेगळ्या कंपन्यांत आहेत आणि रविवारी फोनवर बोलणं झालं की सगळ्यांचं गाऱ्हाणं इतकं सारखं असतं की कोण कुठल्या प्लांटबद्दल बोलतंय तेच कळत नाही.

मुद्दा एकच आहे, आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना मीटिंगला पळायचंय ते बाकीचं नंतर वाचतील. तुम्ही आमच्या सह्या घेता. परमिटवर, अलाइनमेंटच्या (पंप आणि मोटर एका रेषेत बसवल्याच्या) प्रोटोकॉलवर, पीएमच्या (ठरलेल्या मुदतीच्या मेंटेनन्सच्या) चेकलिस्टवर, जॉब कम्प्लीट म्हणून. पण ज्या मशीनसाठी सही घेता ते मशीन उघडलेलं असताना त्याच्याजवळ उभं राहायला वेळ देत नाही. म्हणजे लायसन्स पहिल्याच महिन्यात हातात दिलं आणि गाडी नंतर कधीतरी दाखवतो म्हणाले, असं आहे हे.

आता दिवस कसा जातो ते सांगतो. तुम्हाला वाटत असेल माहितीये, पण तुम्ही आमच्या टेबलावर शेवटचं कधी आला होतात ते आठवून बघा. सकाळी साडेआठला आत. मॉर्निंग मीटिंगला रात्रीच्या डिफेक्टची लिस्ट लागते, ती एसएपीमधून (कंपनीच्या कॉम्प्युटर सिस्टीममधून) काढायची, एक्सेलमध्ये टाकायची, रंग द्यायचे, लाल म्हणजे पेंडिंग, हिरवा म्हणजे झालं, पिवळा म्हणजे स्पेअर नाही (पिवळंच जास्त असतं). मग कॉन्ट्रॅक्टरच्या नवीन माणसांचे गेटपास, त्यांचं मेडिकल, मस्टर, महिन्याच्या शेवटी बिलाची मेजरमेंट. टूलबॉक्स टॉकचा फोटो ग्रुपवर. फाइव्ह एसचा (जागेच्या आवराआवरीचा) फोटो ग्रुपवर, आधीचा आणि नंतरचा. ऑडिट जवळ आलं की मागच्या सहा महिन्यांच्या चेकलिस्ट फाइलला लावा, ज्या मिळत नाहीत त्या "बघून घे जरा". दुपारनंतर साहेबांचं पीपीटी, त्यात मागच्या महिन्याचा ग्राफ, त्याच्या मागच्या महिन्याचा ग्राफ, आणि कोपऱ्यात कंपनीचा लोगो नीट बसला पाहिजे. आणि हे सगळं चाललेलं असताना खाली शून्य मीटरला (जमिनीच्या पातळीला) सी मिल, म्हणजे कोळसा दळायची चक्की, उघडलेली असते, जर्नल (रोल ज्यावर बसतो तो भाग) बाहेर काढलेली असते, ग्राइंडिंग रोल बदलणं चालू असतं, आणि मला ते बघायला मिळतं ते फोटोत, जो फोटो फोरमनने मला पाठवलेला असतो आणि मी साहेबांना फॉरवर्ड केलेला असतो.

पेपरवर्क नको असं मी म्हणत नाहीये, हे नीट वाचा. नोटिफिकेशन नाही टाकलं तर स्पेअर येणार नाही, हिस्टरी नाही लिहिली तर पुढच्या माणसाला काही कळणार नाही, एवढं समजतं. पण पहिल्या वर्षी मशीनची तोंडओळखसुद्धा नसताना मी जी हिस्टरी लिहितो ती काय असते? "बेअरिंग डॅमेज, रिप्लेस केलं, ओके." बेअरिंग का गेलं, आऊटर रेसवर मार कुठल्या बाजूला होता, ग्रीस सुकलं होतं का जास्त भरलं होतं, का त्यात राख गेली होती, हे लिहायला ते बेअरिंग हातात घेऊन बघावं लागतं आणि शेजारी कुणीतरी सांगणारं लागतं. ते न झाल्यामुळे आपल्या एसएपीत वर्षानुवर्षं नुसतं ओके ओके ओके भरलेलं आहे. उघडून बघा कधी.

परमिटबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण खरी भीती तिथे आहे. परमिट टू वर्कचा कागद तसा चांगला आहे. ऑपरेशनवाले आयसोलेशन करतात, ब्रेकर रॅकआऊट (वीज तोडून बाहेर ओढलेला), व्हॉल्व्ह बंद, टॅग, कुलूप, आणि मेंटेनन्सचा इंजिनिअर सही करून परमिट घेतो. त्या सहीचा अर्थ काय, तर आयसोलेशन मी बघितलंय, लाइनीत दाब नाही, ड्रेन-व्हेंट उघडे आहेत, माझी माणसं आत गेली तर सुरक्षित आहेत. आता मला सांगा, ज्या पोराने ती लाइन एकदाही पायी चालत जाऊन शोधलेली नाही, त्याला कसं कळणार की ह्या व्हॉल्व्हच्या मागे एक बायपास आहे आणि तो पासिंग आहे, म्हणजे बंद असूनही आतून गळतोय? ड्रॉइंगमध्ये बायपास असतोच असं नाही, मधल्या काळात कुणीतरी मॉडिफिकेशन केलेलं असतं. हाय प्रेशरच्या लाइनला डबल आयसोलेशन का लागतं हे वर्गात एका स्लाइडवर सांगून होतं, पण एक व्हॉल्व्ह पूर्ण बंद असूनही ड्रेनमधून वाफ फुसफुसत राहते ते एकदा डोळ्यांनी बघितलं ना की माणूस आयुष्यभर दुसरा व्हॉल्व्ह विचारतो. भट्टीत नाहीतर डक्टमध्ये माणूस उतरवायचा तर ऑक्सिजन बघायचा, २४ व्होल्टचा हँडलॅम्प द्यायचा, मॅनहोलपाशी एक माणूस बसवायचा, हे सगळं फॉरमॅटमध्ये छापलेलंच आहे, टिक करायला दोन मिनिटं लागतात. टिक करणाऱ्याने आत डोकं घालून बघितलंय का, हा रकाना मात्र नाहीये.

उंचाहार विसरू नका. १ नोव्हेंबर २०१७, रायबरेली जिल्हा, एनटीपीसीचं ५०० मेगावॅटचं सहावं युनिट. बॉयलरच्या तळाशी राख साचून क्लिंकर (राखेचा घट्ट गोळा) झाला होता, तो काढायचं काम युनिट चालू असताना सुरू होतं, गरम वायू आणि राख बाहेर आली, चाळीसपेक्षा जास्त माणसं गेली. बरीचशी कंत्राटी होती, आणि वरच्या हुद्द्यावरचे साहेब पण होते त्यात. कोण चुकलं ते ठरवायला मी कोणी नाही आणि तो या पत्राचा विषयही नाही. पण त्यानंतर प्रत्येक प्लांटमध्ये सेफ्टीचे क्लास झाले, पोस्टर लागले, आणि माझ्या माहितीतल्या एकाही नवीन पोराला बॉटम ॲश हॉपरपाशी (तळाची राख जिथे पडते तिथे) उभं करून कुणी सांगितलं नाही की बाबा राख साचायला लागली की पहिली खूण इथे दिसते, त्यानंतर इथे, आणि यापुढे गेलं की इथे थांबायचं नाही, वर फोन करून युनिट उतरवायला सांगायचं. ५०० च्या युनिटला फुल लोडवर तासाला तीनशे टनाच्या वर कोळसा लागतो, आपल्या कोळशात राख असते ३५-४० टक्के, म्हणजे तासाला शंभर टनाच्या पुढे राख, रात्रंदिवस. त्यातली बरीचशी ईएसपीकडे (धुरातली राख पकडणाऱ्या यंत्राकडे) उडून जाते पण जी खाली पडते ती काही थोडी नसते. हा हिशोब मला कॉलेजात कुणी सांगितला नाही, प्लांटच्या इंडक्शनमध्ये पण नाही. राखेच्या सेक्शनच्या एका हेल्परने चहा पिता पिता सांगितला, त्याच्या भाषेत.

आणि इथेच माझ्या मूळ मुद्द्यावर येतो, ज्ञान कुणाकडे आहे. तुमच्याकडे आहेच, पण तुम्ही मीटिंगमध्ये असता. उरलेलं सगळं फिटर लोकांकडे आहे, आणि ते कंत्राटी आहेत. दर टेंडरला कॉन्ट्रॅक्टर बदलतो, माणसं तीच राहतात, फक्त टी-शर्टवरचं नाव बदलतं. आमच्याकडे एक मिस्त्री आहेत, नाव नाही लिहित, त्यांना आवडणार नाही. बॉयलर फीड पंपाचं अलाइनमेंट त्यांच्याशिवाय होत नाही. आता मेकॅनिकलचा कुठलाही फ्रेशर काय समजतो, अलाइनमेंट म्हणजे डायलवर शून्य-शून्य आलं पाहिजे. मिस्त्री शून्य आणतच नाहीत, पंप मुद्दाम थोडा खाली ठेवतात. कारण पंपातून जाणारं पाणी दीडशे डिग्रीच्या वर असतं, पंप गरम झाला की फुगून वर उचलला जातो, मोटर तेवढी उचलली जात नाही, म्हणून थंड असताना तेवढा फरक ठेवून द्यायचा. एवढं मॅन्युअलमध्ये पण आहे. पण आमच्या बी पंपाला मॅन्युअलचा आकडा चालत नाही, त्याच्या सक्शन पाइपचा ताण एका बाजूला ओढतो, तिथे मिस्त्रींचा स्वतःचा आकडा आहे. विचारलं तर म्हणतात, "साहेब, हे कागदावर नाई भेटत, चालू झाल्यावर हात लावून पाहा लागते." तो आकडा आजच्या तारखेला कुठेही लिहिलेला नाही. म्हणजे आधी नव्हता, आता फक्त माझ्या डायरीत आहे. पुढच्या टेंडरला मिस्त्री आले नाहीत तर तुमच्या कंपनीची मालमत्ता म्हणजे माझी डायरी, आणि मी तर कधीही सोडून जाईन असं तुम्हीच म्हणता.

असं कितीतरी आहे. मिलच्या रिजेक्टमध्ये (न दळता बाहेर टाकलेल्या मालात) दगड आणि लोखंड यायला पाहिजे, कोळसा यायला लागला तर हवा कमी पडतेय नाहीतर फीडिंग जास्त आहे नाहीतर आत झीज झालीय, हे रिजेक्टच्या ढिगाकडे नुसतं बघून सांगणारी माणसं आहेत. पंख्याच्या बेअरिंगवर स्क्रू ड्रायव्हर टेकवून दांडा कानाला लावतात आणि सांगतात, "हे आठ दिवस चालन, मंग बसन." व्हायब्रेशनचा रीडिंग घेणारा माणूस नंतर येतो आणि तेच सांगतो, इंग्रजीत. ट्यूब लीकेज झालं की कंट्रोल रूमला मेकअप पाणी वाढलेलं दिसतं, आयडी फॅनचे (बॉयलरचा धूर ओढणाऱ्या पंख्याचे) अँपिअर वाढतात, डिटेक्टर ओरडतो. तो डिटेक्टर पण साधारण एरिया सांगतो, पण पीप होलपाशी उभं राहून आवाजावरून इकॉनोमायझरचं आहे का रिहीटरचं ते सांगणं हे वेगळंच. मी असं ऐकणारा माणूस बघितलाय म्हणून सांगतोय.

ट्यूब लीकेजचंच घ्या, बॉयलर मेंटेनन्सवाल्याचं सगळं आयुष्य त्याच्याभोवती फिरतं, माझ्या घरच्यांना पण आता बीटीएल (बॉयलर ट्यूब लीकेज) म्हणजे काय ते कळतं, आई विचारते "फुटली का परत?" एक ट्यूब फुटली की त्यातून निघणारी वाफ शेजारच्या ट्यूबला कापत जाते, जेवढा वेळ ओढाल तेवढ्या जास्त ट्यूबा. ५०० मेगावॅटचं युनिट एक दिवस बंद म्हणजे १ कोटी २० लाख युनिट गेले, त्यामुळे प्रत्येक तासाला वरून फोन, आणि तो फोन बरोबरच आहे, तुमच्यावर पण प्रेशर असतं. पण त्या दोन-तीन दिवसांत, जेव्हा बॉयलर थंड करून मॅनहोल उघडतात, स्कॅफोल्डिंग बांधतात, खराब ट्यूब कापून नवीन तुकडा बसवतात, रूट टिग (वेल्डिंगचा पहिला थर) मारतात, रेडिओग्राफी, मग हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची), तेव्हा जीईटी कुठे असतो? मॅनहोलच्या बाहेर. हातात फोन. दर अर्ध्या तासाला ग्रुपवर "स्टेटस?" येतं आणि तो टाइप करतो, "वेल्डिंग इन प्रोग्रेस सर." शिकायची ही सोन्यासारखी वेळ असते, फुटलेली ट्यूब समोर पडलेली असते, कडा पातळ होऊन ओठासारखी उघडलीय का जाड कडेचीच तडा गेलीय यावरून ओव्हरहीटिंग का क्रीप (उष्णतेने हळूहळू ताणलं जाणं) का राखेची झीज ते कळतं, आणि ती ट्यूब आम्ही नीट बघायच्या आधी लॅबला नाहीतर स्क्रॅपला गेलेली असते.

आता एक गंमत बघा. बॉयलर चालवणाऱ्याला बीओईची (बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची) परीक्षा पास व्हावी लागते, कायदा आहे, १९२३ चा जाऊन २०२५ चा नवीन आला तरी बॉयलर लायक माणसाच्याच हातात द्यायचा हे काही बदललेलं नाही. ट्यूब जोडणाऱ्या वेल्डरलासुद्धा टेस्ट पीस मारून आयबीआरचं (इंडियन बॉयलर रेग्युलेशनचं) सर्टिफिकेट घ्यावं लागतं, तेही कायमचं नसतं, मुदत संपली की परत. आणि त्या वेल्डरच्या जॉबवर सही करणाऱ्या माझ्यासारख्याची परीक्षा काय? जॉइनिंगची मेडिकल. डोळे, कान, बीपी, झालं. सीईएच्या (केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या) सेफ्टी रेग्युलेशनमध्ये ऑपरेशन-मेंटेनन्सच्या इंजिनिअरला ट्रेनिंग पाहिजे असं लिहिलंय, आणि ते नुसतं वर्गातलं नाही, प्रत्यक्ष प्लांटवरचं पण. नागपूरला एनपीटीआय (पॉवर प्लांटचं ट्रेनिंग देणारी सरकारी संस्था) आहे, सिम्युलेटर आहे, लोक तिथे वर्षभराचा डिप्लोमा करून येतात, चांगला आहे. पण कागदावरचं ऑन जॉब ट्रेनिंग म्हणजे आमच्याकडे काय होतं, तर जॉबवर ठेवलं की ट्रेनिंग झालं असं समजायचं.

तुमच्यातले बरेच साहेब नेहमी सांगतात, आम्ही २१० मेगावॅटच्या युनिटवर घासून आलो. कुणी कोराडीला होते, कुणी परळीला, कुणी भुसावळला, कुणी एकलहऱ्याला. आणि ती गोष्ट आम्ही आवडीने ऐकतो, खोटं नाही. कशी वही-पेन्सिल घेऊन लाइन ट्रेस करायला लावायचे, संध्याकाळी हाताने काढलेलं ड्रॉइंग दाखवल्याशिवाय घरी सोडायचे नाहीत, चुकलं की परत तीच लाइन. साहेब, मग आमच्या वेळी ते का बंद केलं? तुम्हाला ज्याने इंजिनिअर केलं तेच आम्हाला द्या एवढंच मागतोय. त्यात तुमच्या वेळेपेक्षा आत्ता मशीन जास्त अवघड आहे. कोराडी, तिरोडा, मौदा, सोलापूर, सगळीकडे ६६० ची सुपरक्रिटिकल युनिटं आली, दाब चौरस सेंटिमीटरला २४०-२५० किलोच्या घरात, आणि ड्रमच (पाणी-वाफेची मोठी टाकी) नाही. ड्रम नाही म्हणजे साठा नाही, गडबड झाली की विचार करायला वेळ पण कमी.

आणि यापेक्षा मोठा बदल म्हणजे लोड. तुमच्या काळी युनिट एकदा फुल लोडला गेलं की तिथेच बसायचं. आता दुपारी सोलर येतं, आम्हाला खाली आणतात, संध्याकाळी सूर्य गेला की परत वर, रोज. २०२३ मध्ये सीईएने फ्लेक्सिबल ऑपरेशनचे नियमच आणले, आधी ५५ टक्क्यांपर्यंत आणि पुढे ४० टक्क्यांपर्यंत खाली यायची तयारी ठेवायची. सोलर यावं की नाही हा आपला विषय नाही, यावंच, मला त्यात काही प्रॉब्लेम नाही. पण मशीनचं काय होतंय ते कोण बघतंय? रोज गरम-गार, गरम-गार झालं की जाड हेडरला (ट्यूबा ज्याला जोडतात त्या जाड पाइपला) आणि वेल्डला थर्मल फटीग. मिल रोज कट-इन, कट-आऊट. कमी लोडला फीड पंपाचा रीसर्क्युलेशन व्हॉल्व्ह सारखा उघडतो-मिटतो, त्याची सीट कापली जाते, मग तो बंद असतानाही पास होतो. पीए फॅन (मिलला हवा देणारा पंखा) स्टॉलच्या जवळ जातो, म्हणजे हवा ढकलणंच सोडायच्या बेतात येतो. मॅन्युअलमधलं मेंटेनन्सचं वेळापत्रक बांधलंय रनिंग अवर्सवर आणि बेस लोड (युनिट सतत फुल लोडला) धरून, त्यात हे काहीच नाही. म्हणजे या नव्या रोगांची लक्षणं पहिल्यांदा लिहिणार आम्हीच, आमच्या बॅचचे लोक, कारण जुन्या लोकांच्या अनुभवात हे नव्हतं आणि पुस्तकात अजून नीट आलेलं नाही. आणि आम्हाला तुम्ही बसवलंय लोगो अलाइन करायला.

तुमची उत्तरं माहितीयेत मला. पहिलं, माणसं कमी आहेत, पेपरवर्क कोण करणार. साहेब, गेटपास आणि मस्टर आणि फोटो हे काम करायला बीई मेकॅनिकल लागत नाही, एक डेटा एन्ट्रीवाला मुलगा ठेवा, गावातला बी.कॉम. झालेला कितीतरी पटीने नीट करेल, त्याला नोकरी पण लागेल. प्लांटच्या आजूबाजूच्या गावांतली पोरं गेटवर अर्ज घेऊन उभी असतातच की.

दुसरं उत्तर, जे तोंडावर कुणी म्हणत नाही पण केबिनमध्ये म्हणतात, की शिकवून काय करायचं, दोन वर्षांत गेटची परीक्षा देऊन पीएसयूत (सरकारी कंपनीत) जातात नाहीतर आयटीत जातात. जातात, खरंय. मी पण फॉर्म भरलाय, लपवत नाही. पण जाणाऱ्या पोरांशी बोलून बघा, एक्झिट इंटरव्ह्यूचा फॉर्म नका वाचू, त्यात सगळे "बेटर अपॉर्च्युनिटी" लिहितात. पगार हे कारण आहेच, रात्री दोनचे फोन आहेत, मे महिन्यात बाहेर ४६ डिग्री असताना पेंटहाऊसला (बॉयलरच्या माथ्यावर) चढायचं हे पण आहे. पण सगळ्यात जास्त काय ऐकू येतं तर "यार मेकॅनिकल करून मी क्लार्कच झालो." जो पोरगा एखादी मिल स्वतः बांधून चालू करून देतो ना, तो एवढ्या लवकर जात नाही, त्याला त्या मिलची काळजी लागलेली असते, सुट्टीवर असला तरी फोन करून विचारतो सी मिल कशी आहे. अशी दोन-तीन माणसं आमच्याच सेक्शनला आहेत.

आणि कुणाला वाटत असेल की हा प्लांटला शिव्या देणारा पोरगा आहे, तर तसं नाहीये. मी मूळचा बीड जिल्ह्यातला. २०१५ ला पाण्यावाचून परळीचा प्लांट बंद ठेवावा लागला तेव्हा मी शाळेत होतो. चिमणीतून धूर दिसत नाही म्हणजे बाजारात उधारी वाढते एवढं त्या वयातही कळत होतं. प्लांट चालला पाहिजे, नीट चालला पाहिजे, म्हणूनच एवढं टाइप करतोय, नाहीतर उद्या बी शिफ्ट आहे, झोपलो असतो.

काय पाहिजे ते स्पष्ट सांगतो. पहिलं वर्ष जीईटीला एक्सेलपासून लांब ठेवा. सुरुवातीचे तीन महिने ऑपरेशनबरोबर शिफ्टला टाका, मेंटेनन्सचा असला तरी, कारण मशीन चालताना काय करतं ते न बघता दुरुस्त काय करणार. नंतर एकेक सिस्टीम द्या, मिल, फॅन, फीड पंप, प्रेशर पार्ट, राख, आणि प्रत्येकाची लाइन पायी ट्रेस करून हाताने ड्रॉइंग काढायला लावा, जुन्या पद्धतीने. त्याची तोंडी परीक्षा घ्या आणि परीक्षेला साहेबांबरोबर एक फिटर पण बसवा. हे वाचून काहींना हसू येईल. फिटर बसला की पोरगं खोटं बोलू शकत नाही, साहेबांसमोर मात्र इंग्रजीत काहीही बोलता येतं. आणि त्या फिटरला शिकवण्याचे पैसे द्या, वेगळा भत्ता, टेंडरमध्ये लाइन आयटम टाका, टेंडरमध्ये आपण चहाच्या कपाचा पण आयटम टाकतो. हे सगळं होईपर्यंत परमिटवर त्याची सही एकट्याची घेऊ नका, शेजारी सीनिअरची पण असू द्या. सीनिअरला वेळ नाही म्हणाल, तर मग तो जॉब करायलाच आपल्याकडे वेळ नाही असं समजायचं.

मुलींबद्दल वेगळं लिहावं लागतंय याचाच राग येतो. आमच्या बॅचची एक जण, वर्कशॉपमध्ये आम्हा सगळ्यांपेक्षा हात चांगला, तिला विचारलं पण नाही, सरळ प्लॅनिंगला टाकली. कारण सांगितलं "सेफ्टी". प्लॅनिंग वाईट नाही, पण बॉयलर न बघता बॉयलरचं प्लॅनिंग करणं हे तिलाच पटत नाही, ती जेवणाच्या सुट्टीत हेल्मेट घालून आमच्याकडे येते आणि मिस्त्रींना प्रश्न विचारते. मिस्त्री तिला आमच्यापेक्षा जास्त सांगतात, कारण ती लिहून घेते.

आता ओव्हरहॉलिंगचे दिवस येतायत. युनिट महिनाभर उघडं पडेल, टर्बाइनचा केसिंग निघेल, एअर प्रीहीटरच्या बास्केट बाहेर येतील, बाहेरून आयबीआर वेल्डर आणि रिगर येतील, झारखंडचे, यूपीचे, बंगालचे, ज्यांनी देशभरातले बॉयलर आतून बघितलेत. तुमच्या टेबलावर आत्ता माणसं वाटायचा चार्ट असेल, कोण कुठल्या फ्रंटला. त्यात नवीन बॅचची नावं बहुतेक "डॉक्युमेंटेशन अँड कोऑर्डिनेशन" समोर लिहिली असतील. तो चार्ट फायनल व्हायच्या आत एकदा उघडा, ती नावं तिथून काढा आणि प्रेशर पार्ट, मिल, टर्बाइन अशी वाटून टाका. दिवस पाळी, रात्र पाळी, कुठेही चालेल. डीपीआर (रोजच्या कामाचा रिपोर्ट) आम्ही रात्री रूमवर बसून टाइप करून देऊ, तेवढं करू.

आपला,
बॉयलर मेंटेनन्सचा एक असिस्टंट इंजिनिअर

ता.क. बॉयलर साइडला लेडीज टॉयलेट नाहीये, सगळ्यात जवळचं आहे ते १७ मीटरला कंट्रोल रूमपाशी, आणि ओव्हरहॉलिंगमध्ये लिफ्ट मटेरियलला देतात. मुलींना साइटवर पाठवायचं ठरवलंत तर सिव्हिलवाल्यांना हे आधी सांगा, कारण त्यांचं टेंडर निघायलाच चार महिने लागतात.